ताप आला की भूक कुठे जाते?

अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने चढला, की शरीराचा इंधनाचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. दोन अंशांनी चढला, तर अंथरुणावर नुसतं पडून असलेलं माणूसही एरवीपेक्षा जवळजवळ पाव पटीने जास्त ऊर्जा जाळू लागतं. त्यातच आत पांढऱ्या पेशींच्या नव्या पिढ्या घडवायच्या असतात, प्रतिपिंडं तयार करायची असतात, मोडलेल्या पेशी उपसून काढायच्या असतात. हिशेबाने पाहिलं तर अशा वेळी कडकडून भूक लागायला हवी. घडतं ते अगदी उलटं. तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना उडते, एरवी जिच्या वासाने जेवणाची घाई व्हायची ती फोडणी नकोशी वाटते.

घरोघरी हे ठरलेलं असतं. मऊ भातावर तूप-मेतकूट घालून आई ताट पुढे करते, कोकणात-गोव्यात पेजेचा वाडगा आणि लोणच्याची फोड येते, ‘दोन घास तरी घे रे बाळा’ अशी विनवणी होते, आणि आजारी माणूस तोंड फिरवून घेतं. गोठ्यातली आजारी गाय वैरणीला तोंड लावत नाही. आजारी कुत्रं भाकरी हुंगून माघारी जातं. पानं कुरतडण्याखेरीज दुसरा उद्योग नसलेल्या अळ्यासुद्धा जंतुसंसर्ग झाला की खाणं कमी करतात. अळीपासून माणसापर्यंत, कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत टिकून राहिलेली ही गोष्ट नुसता अशक्तपणा कशी असेल?

या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञांच्या हाती जे लागलं ते थक्क करणारं आहे. किती खायचं, काय टाळायचं, कधी थांबायचं, हे ठरवताना पोट आणि मेंदू यांच्या जोडीला तिसरा एक वाटेकरी असतो: आपली रोगप्रतिकारयंत्रणा. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी आपल्या ताटावरही लक्ष ठेवून असतात आणि वेळ आली की ते बाजूला सारायला मेंदूला भाग पाडतात. आजारपणातली भूक आपोआप मरत नाही, ती मुद्दाम थांबवली जाते.

वाळत गेलेले ससे

आफ्रिकेत त्से-त्से माशीच्या चाव्यातून ट्रायपॅनोसोम नावाचे परजीवी गुरांच्या रक्तात शिरतात. गुरं खाईनाशी होतात, हाडांवर येतात आणि मरतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या अँथनी सेरामी यांनी हा रोग सशांमध्ये अभ्यासायला घेतला, तेव्हा त्यांना एक विसंगती दिसली. ससे झपाट्याने वाळत होते, पण त्यांच्या रक्तात परजीवी फारच थोडे होते. एवढ्याशा परजीवींनी सशाचं मांस खाऊन संपवलं, हे शक्यच नव्हतं. मग सशाला खात कोण होतं?

सेरामी यांना शंका आली की हे सशाच्या स्वतःच्याच शरीराचं काम आहे. ब्रूस ब्युटलर या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी उंदरांच्या भक्षक पेशींमधून, म्हणजे मॅक्रोफेजमधून, एक प्रथिन वेगळं केलं. शरीर खंगवणारं म्हणून त्याला ‘कॅकेक्टिन’ असं नाव दिलं. १९८५ साली त्या प्रथिनाची रचना तपासली आणि सगळे चकित झाले. कर्करोगाच्या गाठी मारू शकतं म्हणून ज्याचा शोध दुसरे शास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने घेत होते, ते ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ आणि हे कॅकेक्टिन, दोन्ही एकच निघाली. जो रेणू रोगाशी लढतो, तोच भूक घालवतो आणि अंगावरचं मांस उतरवतो.

त्याच सुमारास ‘इंटरल्यूकिन-१’ या दुसऱ्या रेणूचीही ओळख पटत होती. जंतू दिसला की भक्षक पेशी हा रेणू रक्तात सोडतात आणि तो मेंदूला ताप चढवायला सांगतो, हे कळलं होतं. पुढे दिसलं की निरोगी जनावराला नुसता हा रेणू टोचला तरी ते खाणं कमी करतं. जंतूचा पत्ता नाही, जखम नाही, तरी भूक गेली. पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे रेणू वापरतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. ते निरोप मेंदूही ऐकतो, हे त्या दशकाने दाखवून दिलं.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने एक धाडसी मांडणी केली. आजारी जनावराची सुस्ती, झोप, ताप, खाण्यावरचं मन उडणं ही रोगाने केलेली नासाडी नव्हे, असं त्यांनी म्हटलं. जीव वाचवण्यासाठी शरीराने आखलेलं ते वागणं आहे. या मांडणीला एका जुन्या प्रयोगाचा आधार होता. १९७९ साली मरे आडनावाच्या दोन संशोधकांनी उंदरांना लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग केला होता. उंदरांचं खाणं आपोआप घटलं. त्यांतल्या काहींना नळीने पोटात अन्न घालून नेहमीइतकं खायला लावलं, तर ते जास्त संख्येने आणि लवकर मेले. प्रेमाने भरवलेला घासही जिवावर उठू शकतो, हे पहिल्यांदा प्रयोगशाळेत दिसलं.

निरोप पोचतो कसा?

मेंदू आपल्या आत सहजासहजी कुणाला येऊ देत नाही. त्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की रक्तातले बहुतेक मोठे रेणू बाहेरच अडतात. मग बोटाच्या टोकाला किंवा घशात सुरू झालेल्या लढाईची बातमी आत जाते कशी?

तिच्यासाठी एकाहून अधिक वाटा आहेत. पहिली वाट चेतातंतूंची. मेंदूच्या तळातून निघून छाती आणि पोटातल्या अवयवांत पसरलेली व्हेगस चेता आतड्यातला, यकृतातला दाह टिपते आणि तत्काळ वर कळवते. दुसरी वाट मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून जाते. तिथल्या पेशी रक्तातल्या सायटोकाइनना प्रतिसाद म्हणून प्रोस्टाग्लँडिन नावाचा छोटा रेणू बनवतात आणि तो आत झिरपतो. तिसरी वाट सर्वांत नवलाची. मेंदू जिथे मज्जारज्जूला मिळतो, त्याच्या जरा वर ‘एरिया पोस्ट्रेमा’ नावाचा एक इवलासा भाग आहे. इथे ती घट्ट भिंत जवळजवळ नाहीच. हा भाग रक्ताची चव घेत बसलेला असतो. रक्तात विष आलं, जंतूंची चाहूल लागली, की मळमळ सुरू करायची आणि खाणं थांबवायचं, हे त्याचं काम.

२०२३ साली हार्वर्डमधल्या स्टीफन लिबरलेस यांच्या गटाने आणखी एक वाट शोधली. फ्लू झालेल्या उंदरांच्या घशात, वरच्या श्वसनमार्गात, काही मोजक्या चेतापेशींची टोकं असतात. संसर्गाच्या जागी तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन ती टोकं ओळखतात आणि मेंदूला खबर देतात. त्या मोजक्या चेतापेशी काढून टाकल्यावर फ्लूचा विषाणू अंगात असूनही उंदीर जास्त खाऊ-पिऊ लागले. ताप उतरवणारी आयबुप्रोफेनसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादनच रोखते. गोळी घेतल्यावर तासाभरात ‘आता जरा खावंसं वाटतंय’ असं रुग्ण का म्हणतो, याचं एक उत्तर इथे सापडतं.

निरोप पोचल्यावर मेंदूत काय होतं, तेही आता दिसू लागलं आहे. २०२२ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने एरिया पोस्ट्रेमा आणि त्याच्या शेजारच्या भागातल्या ठरावीक चेतापेशी हेरल्या. ठणठणीत उंदरात त्या पेशी बाहेरून चेतवल्या, तर उंदराने खाणं सोडलं, पिणं सोडलं, हालचालही कमी केली. अंगात एकही जंतू नसताना उंदीर सर्व लक्षणांनी आजारी दिसू लागला. त्याच वर्षी हार्वर्डच्या कॅथरीन द्युलाक यांच्या गटाला मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या परिसरात ताप चढवणाऱ्या, ऊब शोधायला लावणाऱ्या आणि भूक मंदावणाऱ्या चेतापेशी सापडल्या. गोधडीत शिरावंसं वाटणं आणि ताट नकोसं होणं, या दोन्हींचं मूळ एकाच पेशीसमूहात निघालं.

भुकेचा आवाज, नकाराचा आवाज

इथे निरोगी माणसाच्या भुकेबद्दल थोडं सांगायला हवं. याच हायपोथॅलॅमसमध्ये काही हजार चेतापेशींचा एक गट आहे. शास्त्रज्ञ त्यांना एजीआरपी पेशी म्हणतात. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या या पेशी प्रकाशाच्या झोताने चेतवल्या. पोटभर जेवलेले उंदीर काही मिनिटांत अधाशासारखे खायला लागले. त्याआधी सिअ‍ॅटलमध्ये रिचर्ड पामिटर यांच्या गटाने प्रौढ उंदरांमधल्या याच पेशी नष्ट करून पाहिल्या होत्या. समोर अन्न असूनही ते उंदीर खाईनासे झाले आणि उपाशी मरू लागले.

पामिटर यांनी पुढे विचारलेला प्रश्न सुरेख होता. भुकेच्या पेशी गेल्यावर नुसती भूक कमी व्हावी; अन्नाकडे पाठ फिरवून मरण्यापर्यंत वेळ का यावी? उत्तर मेंदूच्या मागच्या भागात सापडलं. तिथल्या पॅराब्रेकियल केंद्रात ‘खाऊ नको’ असं सांगणाऱ्या चेतापेशी असतात. विषबाधा, मळमळ, जंतूंच्या आवरणातले विषारी घटक, अति भरलेलं पोट, या सगळ्यांनी त्या जाग्या होतात. एजीआरपी पेशी त्यांना एरवी दाबून धरतात. तो दाब सुटला की नकाराला आवर उरत नाही. नकार देणाऱ्या केंद्राला शांत केल्यावर तेच उपाशी मरणारे उंदीर पुन्हा खायला लागले.

आपण रोज भुकेने ताटावर बसतो तेव्हा मेंदूत हे दोन आवाज एकाच वेळी चालू असतात आणि भुकेचा आवाज वरचढ ठरतो. आजारपणात सायटोकाइन येतात आणि पारडं नकाराकडे झुकवतात. भुकेची यंत्रणा तिथेच असते, धडधाकट असते. ताप उतरला की ती परत बोलू लागते. म्हणूनच बऱ्या होत आलेल्या माणसाची पहिली खूण घरातल्या आजीला अचूक ठाऊक असते: ‘आज मागून खाल्लंन, आता सुटलं दुखणं.’

वेढा पडलेला गड

पण ऊर्जेची एवढी निकड असताना रसद तोडायची कशासाठी? पन्हाळ्यावर गेलेल्यांनी तिथला भव्य अंबारखाना पाहिला असेल. गडाला वेढा पडला की दरवाजे बंद व्हायचे, बाहेरून दाणा येणं थांबायचं आणि गड आतल्या साठ्यावर लढायचा. संसर्ग झालेलं शरीर हेच करतं. आपली चरबी हा आपला अंबारखाना. यकृत त्या चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतं आणि मेंदू, हृदय, स्नायू त्यावर चालतात. दरवाजा बंद ठेवण्याचे फायदेही आहेत. अन्नाबरोबर नवे जंतू येण्याचा धोका टळतो. रानातल्या जनावराला अशक्त अंगाने चारा शोधत फिरावं लागत नाही. जिवाणूंना वाढीसाठी जे लोह हवं असतं, त्याचाही पुरवठा तुटतो. यकृत अशा वेळी हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडून आतड्यातून लोह शोषून घेणंच कमी करतं.

२०१६ साली येल विद्यापीठातल्या रुस्लान मेद्झितोव्ह यांच्या गटाने हा प्रश्न आणखी खोलात नेला. लिस्टेरियाचा संसर्ग झालेल्या उंदरांना त्यांनी अन्न भरवलं. उंदीर मेले, १९७९ साली मेले होते तसेच. मग अन्नातले घटक वेगळे करून पाहिले. प्रथिनांनी किंवा तेलाने काही बिघडलं नाही. घातक ठरली ती ग्लुकोज साखर. ग्लुकोजचा वापर रोखणारं रसायन दिल्यावर उंदीर जगले. पुढे त्यांनी तोच प्रयोग फ्लूच्या विषाणूवर केला आणि सगळं उलटं झालं. भरवलेले उंदीर जास्त जगले, आणि ग्लुकोज रोखल्यावर मेले.

सर्वांत चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. जगलेल्या आणि मेलेल्या उंदरांमध्ये जंतूंची संख्या जवळपास सारखीच होती. अन्नाने जंतू वाढले किंवा घटले नव्हते. फरक पडला होता तो लढाईची झळ सोसण्याच्या ताकदीत. जिवाणूंशी झालेल्या लढाईत मेंदूच्या पेशींना होणारी इजा कीटोनवर चालणारं शरीर सोसू शकत होतं, साखरेवर चालणारं सोसू शकत नव्हतं. विषाणूच्या लढाईत पेशींना तग धरायला साखरच लागत होती. शत्रू मारणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या मारामारीत स्वतः न मोडणंही. भुकेचा लगाम या दुसऱ्या कामासाठीही ओढला जातो.

आणि जंतू तरी स्वस्थ कुठे बसतात? कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये जॅनेल एअर्स यांच्या गटाने २०१७ साली साल्मोनेलाची करामत उघड केली. या जिवाणूकडे एसएलआरपी नावाचं एक प्रथिन आहे. ते आतड्यातल्या इंटरल्यूकिन-१ची घडण अडवतं. व्हेगस चेतेवरून मेंदूला जाणारा ‘खाणं थांबव’ हा निरोप मग दुबळा पडतो आणि उंदीर खात राहतो. खात राहिलेला उंदीर जास्त दिवस जगतो, आणि त्याच्या विष्ठेतून जिवाणू दुसऱ्या उंदरांपर्यंत पोचत राहतो. हे प्रथिन नसलेले साल्मोनेला आतड्याबाहेर पसरतात, उंदराला लवकर मारतात आणि स्वतःचाही रस्ता बंद करून घेतात. डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू दुसऱ्या प्राण्याच्या भुकेचा निरोप मध्येच अडवतो, यापुढे माणसाने नुसतं नवल करावं.

रोजच्या ताटावरही

प्रतिकारयंत्रणेचा हा शब्द फक्त आजारपणात चालतो असंही नाही. आपण गिळलेला प्रत्येक घास बाहेरच्या जगाचा तुकडा असतो, म्हणून आतड्याभोवती तिच्या पेशींचा मोठा पहारा असतो. तो पहारा ताटात काय असावं यावरही बोलतो, हे २०२३ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं: एक येलमधला एस्थर फ्लोर्शाईम आणि मेद्झितोव्ह यांचा, दुसरा जर्मनीत हायडेलबर्ग इथला हान्स-राइमर रोडेवाल्ड यांचा. त्यांनी उंदरांमध्ये अंड्याच्या पांढऱ्यातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी निर्माण केली. मग पिंजऱ्यात साधं पाणी आणि ते प्रथिन घातलेलं पाणी, अशा दोन बाटल्या ठेवल्या. साध्या उंदरांना प्रथिनाचं पाणी आवडायचं. अ‍ॅलर्जी असलेले उंदीर मात्र अनुभव येताच ती बाटली टाळू लागले. अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं किंवा आतड्याच्या अस्तराजवळच्या मास्ट पेशी काढून घेतल्या, की टाळणंही संपलं आणि उंदीर पुन्हा त्याच बाटलीकडे वळले. अमुक पदार्थ नको, ही नावड जिभेने ठरवली नव्हती. ती पांढऱ्या पेशींच्या स्मृतीतून आली होती.

आजार नसलेल्या, चवीने खाल्लेल्या जेवणातही हा धागा दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथे मार्क डोनाथ यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं, की उंदीर जेवला की त्याच्या पोटाच्या पोकळीत भक्षक पेशी वाढतात आणि त्या थोडं इंटरल्यूकिन-१ सोडतात. मोठ्या प्रमाणात भूक घालवणारा हाच रेणू इथे अल्प प्रमाणात इन्सुलिन वाढवतो आणि जेवणातली साखर पेशींपर्यंत पोचवायला मदत करतो. २०२२ साली त्यांनी आणखी पुढचं टोक पकडलं. अन्न नुसतं दिसलं, त्याचा वास आला, की मेंदूतल्याच प्रतिकारपेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, हा रेणू सोडतात आणि घास तोंडात जाण्याआधीच इन्सुलिन वाढू लागतं. स्वयंपाकघरातून वास येतो आणि प्रतिकारयंत्रणा त्या जेवणासाठी शरीर तयार करू लागते.

उलट दिशेचा निरोपही आहे. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांनी शोधलेलं लेप्टिन हे संप्रेरक चरबीच्या पेशी बनवतात. अंबारखान्यात साठा किती आहे, हे ते मेंदूला सांगतं. त्याची घडण पाहिली तर ती सायटोकाइनच्या कुळातली निघते. लेप्टिन बनवण्याची क्षमता जन्मतःच नसलेली मुलं असतात, अगदी मोजकी. साठा तुडुंब असूनही मेंदूला तो रिकामाच वाटत असल्यामुळे ती सतत भुकेली राहतात आणि अतिशय लठ्ठ होतात. तुर्कस्तानातल्या अशा एका कुटुंबात डॉक्टरांना आढळलं, की त्यातली बरीच लठ्ठ मुलं लहानपणीच जंतुसंसर्गाने दगावली होती. केंब्रिजमध्ये सदफ फारूकी आणि स्टीफन ओ’राहिली यांनी अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली, तेव्हा त्यांची भूक आटोक्यात आलीच, शिवाय रोगाशी लढणाऱ्या टी पेशींची संख्या आणि ताकदही सुधारली. साठा संपत आलाय असा निरोप मिळाला की शरीर प्रतिकारावरचा खर्चही कमी करतं. दुष्काळामागोमाग साथी का येतात, याचं एक कारण इथे आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये भुकेबरोबर पटकीने आणि तापांनीही माणसं नेली होती.

साठा संपतो तेव्हा

वेढा काही दिवसांचा असेल तर गड तरतो. महिने गेले तर अंबारखाना रिकामा होतो. चार दिवसांच्या तापासाठी उत्क्रांतीने घडवलेली ही व्यवस्था क्षयरोगात, कर्करोगात, जुनाट हृदयविकारात थांबायचं विसरते. निरोप येतच राहतो, माणूस खाईनासं होतं, आधी चरबी आणि मग स्नायू वितळतात.

या खंगण्यामागचा एक मोठा निरोप्या आता हाती लागला आहे. जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन सिडनीतल्या सॅम्युएल ब्रेट यांच्या गटाने १९९० च्या दशकात भक्षक पेशींच्या अभ्यासातून शोधलं. कर्करोगाच्या गाठी ते भरपूर सोडतात आणि त्यामुळे भूक जाते, हे त्यांनीच २००७ साली उंदरांत दाखवलं. हे प्रथिन मेंदूत उतरतं कुठे, याचं उत्तर २०१७ साली चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी दिलं. त्याला पकडणारा रेणू, म्हणजे रिसेप्टर, मेंदूत एरिया पोस्ट्रेमा आणि त्याला लागून असलेल्या भागातच सापडला. अ‍ॅलर्जीच्या उंदरांनी ती बाटली टाळली, त्यामागेही हेच प्रथिन होतं.

त्याची सर्वांत अनपेक्षित भेट झाली ती गर्भवती स्त्रियांमध्ये. पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, कोरड्या उलट्या, काहींच्या बाबतीत सलाइन लावायला भाग पाडणारी अवस्था, यामागेही जीडीएफ-१५ आहे, हे २०२३ साली मार्लेना फेझो, ओ’राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. गर्भ आणि वार हे प्रथिन आईच्या रक्तात सोडतात. गर्भारपणाआधी आईच्या अंगात ते कमी असेल, तर अचानक आलेला लोंढा तिला सोसत नाही. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार असलेल्या स्त्रियांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असतं, आणि त्यांना हा त्रास फारच कमी होतो. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या ‘नाजूकपणा’वर ढकललेल्या एका खऱ्या दुखण्याला अखेर रेणूचं नाव मिळालं.

आणि नाव मिळालं की उपाय शोधता येतो. जीडीएफ-१५ला बांधून ठेवणारं पोन्सेग्रोमॅब हे औषध खंगत चाललेल्या १८७ कर्करोगी रुग्णांवर आजमावलं गेलं. २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनंतर सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांचं वजन खोटं औषध मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २.८ किलोने जास्त भरलं, आणि त्यांची भूकही सुधारली. ज्या माणसाला घरचे महिनोन्‌महिने ‘थोडं तरी खा’ म्हणत होते आणि जो मनात असूनही खाऊ शकत नव्हता, त्याच्या इच्छाशक्तीत काहीच उणं नव्हतं. त्याच्या मेंदूवर एक रेणू ठाण मांडून बसला होता.

क्षयरोगाच्या बाबतीत भारताने जगाला एक साधी आणि मोठी गोष्ट दाखवून दिली. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, दूधपावडर आणि तेल असा शिधा दिला. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांमागचा अर्थ सरळ आहे. औषध जंतू मारतं, दाह ओसरू लागतो, नकाराचा आवाज मंदावतो, भूक परत येते. त्या वेळी ताटात काहीतरी असायला हवं. भूक परत आली आणि घरात दाणा नसला, तर अर्धं औषध वाया जातं.

हे सगळं कळल्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसताना आपलं वागणं थोडं बदलावं. साध्या तापात एक-दोन दिवस धडधाकट माणसाने ताट नाकारलं, तर जबरदस्ती करू नये. पाणी, पेज, ताक, सरबत मात्र पोटात जात राहायला हवं, कारण तहानेला असा उपास परवडत नाही. तान्ही बाळं, वृद्ध, गर्भवती आणि मधुमेही यांच्याजवळ साठ्याची किंवा साखर सांभाळण्याची तेवढी सोय नसते, त्यांच्यासाठी डॉक्टरांना लगेच विचारावं. आणि भूक आठवडेच्या आठवडे परतली नाही, कपडे सैल होऊ लागले, तर ‘नखरे करतो’, ‘हट्टी आहे’ असं म्हणण्याआधी तपासणी करून घ्यावी. न लागलेली भूक हा शरीराने स्पष्ट शब्दांत दिलेला निरोप असतो. चार दिवसांपुरता असेल तर त्याचा मान राखावा, आणि लांबत चालला तर तो कोण पाठवतंय याचा शोध घ्यावा.